धागा: चोनाइकाईची मोचीत्सुकी – १५० माणसांची आखणी, आणि नव्या शेजाऱ्यांना प्रेक्षक न ठेवता कामाला कसं लावायचं

नदीकाठ (धागाकर्ता)

तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, त्यातही निशी-कासाईच्या आसपास, मराठी घरं आता भरपूर आहेत. तिथल्या चोनाइकाई (म्हणजे वस्तीची, रहिवाशांनी स्वेच्छेने चालवलेली समिती) वर्षाअखेरीला मोचीत्सुकी ठेवतात. चिकट तांदूळ वाफवायचा, उसू म्हणजे उखळात किनेने (लाकडी हातोड्याने) कुटायचा आणि गरम मोची सगळ्यांना वाटायची. परदेशी कुटुंबांना आग्रहाने बोलावणं जातं. ती येतात, रांगेत उभी राहून एक वाटी घेतात, फोटो काढतात आणि घरी जातात. ओळख होतच नाही.

म्हणून हा धागा. साधारण १५० माणसांसाठी तांदूळ किती, चूल केव्हा पेटवायची, परवानग्या कुठल्या, शाकाहारी मंडळींना काय द्यायचं आणि नवख्या माणसाच्या हाती कुठलं काम द्यायचं, हे सगळं एका जागी नेमकेपणाने यावं. जाणकारांनी कृपया आकडे देऊन लिहावं. "अंदाजाने घ्या" याने पहिल्यांदा करणाऱ्याचं काहीच भागत नाही.

उसू_आणि_किने

आकड्यांपासून सुरुवात करतो.

माणशी १०० ग्रॅम मोची धरा. १५० माणसांना १५ किलो. कोरड्या मोचीगोमेच्या (चिकट तांदळाच्या) वजनाच्या साधारण १.३ ते १.४ पट मोची मिळते, म्हणजे १२ किलो तांदूळ पुरतो. नेहमीच्या आकाराच्या उसूत एका वेळी २ शो, म्हणजे ३ किलो कोरडा तांदूळ बसतो. एकूण चार घाणे. एका घाण्यात ४ किलो घालण्याचा मोह होतो, पण मग भात कडेवरून बाहेर येतो, किने काठावर बसतो आणि लाकडाचे कपचे मोचीत जातात.

खरेदी करताना दाणा पाहून घ्या. मोचीगोमेचा दाणा पांढराशुभ्र, अपारदर्शक असतो. रोजच्या भाताचा तांदूळ काचेसारखा अर्धपारदर्शक दिसतो. मोचीगोमेच्या स्टार्चमध्ये अमायलोज (स्टार्चचा कमी चिकट भाग) जवळजवळ नसतंच, म्हणून तो एकजीव होतो. रोजचा तांदूळ कितीही कुटला तरी दाणेदारच राहतो.

आदल्या संध्याकाळी पाणी स्वच्छ होईतो धुवा आणि भरपूर पाण्यात भिजत घाला. डिसेंबरात १० ते १२ तास लागतात. वाफवायच्या अर्धा तास आधी चाळणीत उपसून ठेवा. पाणी निथळलं नाही तर खालचा थर चिखल होतो.

उसू लाकडी (बहुधा केयाकी लाकडाचा) असेल तर आदल्या रात्रीच त्यात पाणी भरून ठेवायचं आणि किनेची डोकी बादलीत बुडवायची. कोरडा किने पहिल्या दहा घावांतच ढलपे टाकायला लागतो. सकाळी हे गार पाणी काढून उकळतं पाणी ओता आणि तांदूळ येईपर्यंत तसंच ठेवा. गार उसूत गरम भात पडला की कडेचा थर लगेच घट्ट होतो, आणि तो थर शेवटपर्यंत मोडत नाही. मोचीत राहणाऱ्या गुठळ्या बहुतेक वेळा इथून येतात, कुटण्यातल्या चुकीतून नव्हे.

वाफेची_वेळ

चुलीकडचं मी लिहिते, कारण कार्यक्रम फसतो तो इथे.

हागामावर (काठ असलेलं जाड पातेलं) सेइरो, म्हणजे चौकोनी लाकडी वाफपेट्या, एकावर एक रचतात. चारही घाणे एकदम लावू नका, एकदम तयार होतील आणि तीन घाणे वाट पाहत गार होतील. क्रम असा ठेवा:

८.१५ ला चूल पेटवा. एवढं पाणी उकळायला ४० ते ४५ मिनिटं लागतात. थंडीत आणि वाऱ्यात जास्तच. ९.०० ला पहिला सेइरो. पहिल्यातून वाफ जोरात वर यायला लागली की, साधारण २०-२५ मिनिटांनी, दुसरा त्याच्यावर. ९.५० च्या सुमाराला पहिला उतरवा, दुसरा खाली येतो, तिसरा त्याच्यावर चढतो. असं केलं की दर २५-३० मिनिटांनी एक घाणा मिळतो आणि दहा ते बारा या वेळेत चारही होतात.

सेइरोत ओलं फडकं पसरून तांदूळ घाला आणि मधोमध खळगा करा. कडेने वाफ सहज चढते, मध्यभाग कच्चा राहतो. खळग्यामुळे तिथला थर पातळ होतो. शिजला का हे पाहायला मधला दाणा बोटात चिरडा. आत टणक ठिपका लागला तर उतरवू नका. गरम पाण्याचा हबका मारून आणखी दहा मिनिटं ठेवा. कच्चा दाणा उसूत सुधारत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

हागामातलं पाणी कमी झालं तर उकळतंच पाणी भरायचं, त्यासाठी दुसऱ्या शेगडीवर मोठी किटली कायम तयार हवी. गार पाणी ओतलं की वाफ तुटते आणि त्या घाण्याचे वरचे दाणे कडक राहतात. उलट पाणी काठोकाठ भरलं तर उकळी सेइरोला लागते आणि खालचा भात लगदा होतो.

गल्ली_समिती

परवानग्यांचं थोडक्यात. जागा बाग असेल तर वॉर्डाच्या उद्यान विभागाची, रस्ता असेल तर पोलीस ठाण्याची रस्ता-वापर परवानगी. खाणं वाटणार असाल तर होकेंजोला (आरोग्य केंद्राला) आधी कळवावं लागतं. अर्ज, मुदत आणि अटी प्रत्येक शहरात-वॉर्डात वेगळ्या, म्हणून महिनाभर आधी प्रत्यक्ष जाऊन विचारा. चूल किंवा गॅस पेटवणार असाल तर अग्निशमन दलाला सूचना आणि जागेवर अग्निशामक नळकांडं. २०१३ साली फुकुचियामाच्या आतषबाजीच्या कार्यक्रमात पेट्रोलचा स्फोट होऊन माणसं दगावली. त्यानंतर नियम बदलले आणि ऑगस्ट २०१४ पासून गर्दीच्या कार्यक्रमात आगीची साधनं वापरताना अग्निशामक बंधनकारक झालं. बागेत लाकडाच्या चुलीला बहुधा परवानगी मिळत नाही, प्रोपेनची मोठी शेगडी घ्या.

या निमित्ताने एक मुद्दा समितीत मांडा. हागामा, मोठी शेगडी, दीडशे माणसांची वाटप-रांग, हे सगळं भूकंपानंतरच्या ताकिदाशीला (सामूहिक अन्नवाटपाला) जसंच्या तसं लागतं. नव्या शेजाऱ्यांना शेगडी जोडता येणं आणि साठवणखोलीची किल्ली कोणाकडे असते हे माहीत असणं, याची किंमत आपत्तीच्या दिवशी कळते. बऱ्याच समित्या म्हणूनच मोचीत्सुकी आणि आपत्ती-सराव एकाच दिवशी ठेवतात.

नदीकाठ

@वाफेची_वेळ, वेळापत्रक फारच उपयोगी. आता प्रत्यक्ष कुटण्याबद्दल. पहिल्यांदा आलेल्या माणसाला किने थेट हातात द्यावा का?

उसू_आणि_किने

द्यावा, पण घाव घालायला नाही. आधी कोनेला लावा.

कुटण्याचे दोन टप्पे आहेत. भात उसूत पडल्याबरोबर घाव घातले तर दाणे चहूकडे उडतात. म्हणून आधी कोने: दोघं-तिघं किने घेऊन उसूभोवती उभे राहतात आणि अंगाचा भार देऊन भात दाबत, चिरडत, सावकाश गोल फिरतात. दाणे एकमेकांना धरून एक गोळा होईपर्यंत, तीन-चार मिनिटं. मोचीचं अर्धं-अधिक काम इथेच होतं. जोर लागतो, कसब लागत नाही, शब्द लागत नाहीत आणि तिघांना पावलं जुळवावी लागतात. नवीन आलेल्या मोठ्या माणसांसाठी अख्ख्या कार्यक्रमात याहून चांगली जागा नाही. दोन अनुभवी आणि एक नवखा अशी त्रयी करा. दर घाण्याला नवखा बदला.

दुसरा टप्पा घावांचा. मोठा किने तीन-चार किलोचा असतो. तो डोक्यापर्यंत उचलायचा आणि स्वतःच्या वजनाने पडू द्यायचा. ताकद लावून मारणाऱ्याचा नेम चुकतो. नेहमी मधोमध. घाव पडला की काएशिते (मोची उलटणारी व्यक्ती) हात कोमट पाण्यात बुडवून कडेची मोची मध्यावर दुमडते. हे पाणी हाताला चिकटू नये एवढंच. ओंजळीने ओतलं तर मोची सैल होते, गोळा उभा राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी पसरट चकती होते.

काएशिते कुटणाऱ्याच्या समोर नको, बाजूला. किने निसटला तर तो समोर जातो. "योइश्शो" ही हाक सजावट नाही. घाव कधी पडणार हे दोघांना कळावं म्हणून ती आहे. हाक नाही तर हात नाही. नवख्याला काएशिते करू नका, मग तो कितीही उत्साही असो. मुलं कुटत असताना हात आत घालायचाच नाही: दहा घाव, सगळे थांबले, किने जमिनीवर, मग मोची उलटायची.

सगळं दहा-बारा मिनिटांत संपलं पाहिजे. मोची गार झाली की दाणे मिसळत नाहीत. त्यामुळे एका घाण्यात मुलांना फार तर शेवटची चार-पाच मिनिटं मिळतात. दोन छोटे किने (किलोभराचे) ठेवून जोडीजोडीने सोडलं तर एका घाण्यात बारा-पंधरा मुलं होतात. चार घाण्यांत पन्नास-साठ. त्याहून जास्त मुलं येणार असतील तर आधीच घाण्याप्रमाणे रंगीत चिठ्ठ्या वाटा. एकाच घाण्यात सगळ्यांना कोंबलं तर मुलं खूश होतात, मोची दगड होते.

स्वच्छ_हात

इथे मला थोडं थांबवावंसं वाटतं. मोचीत्सुकीचा हंगाम आणि नोरोव्हायरसचा हंगाम एकच आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गरम मोचीला अनेक हात लागतात आणि नंतर ती पुन्हा शिजत नाही. सामूहिक उलट्या-जुलाबांसाठी याहून सोपी वाट नाही. माझं स्पष्ट मत: लोकांनी कुटलेली मोची लोकांना खायला देऊ नये. ती सजावटीच्या कागामीमोचीसाठी ठेवा आणि खाण्यासाठी यंत्रात केलेली वाटा. काही शहरांची आरोग्य केंद्रं हेच सुचवतात.

उसू_आणि_किने

धोका खरा आहे, पण तोडगा पटत नाही. ज्या मुलाने घाव घातले त्याला दुसऱ्याच पेटीतली मोची दिली तर आपण त्याला पुन्हा प्रेक्षकच केलं. किने मोचीला लागतो, मुलाचा हात लागत नाही. हात लागतात ते दोनच ठिकाणी: काएशिते आणि गोळे तोडणारे. त्या सहा-सात जणांना पक्कं बांधून घ्या.

स्वच्छ_हात

बांधून घ्यायचंच असेल तर हे सगळं करा, एकही न गाळता:

काएशिते आणि गोळे करणारे आधीच ठरलेले, नावं लिहिलेली. मागच्या काही दिवसांत स्वतःला किंवा घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले असतील तर त्या दिवशी अन्नाजवळ नाही; याची लेखी यादी सकाळी भरून घ्या. साबणाने दोनदा हात धुणं, वाहत्या पाण्याने. नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा भरवसा धरू नका. मास्क, डोक्याला फडकं, एकदा वापरायचे हातमोजे. मोजे दर घाण्याला बदला. काएशितेच्या हाताचं पाणीही दर घाण्याला नवं, ती बादली सगळ्यांत दुर्लक्षित जागा आहे. टेबलं, ट्रे, प्लास्टिकची भांडी ०.०२ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने पुसा: ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर ५ लिटर पाण्यात २० मिलि. लाकडी उसू आणि किनेला ब्लीच नको, उकळतं पाणी.

आणि उघड्यावर कुटलेली मोची ओशिरुकोत (अझुकी या लाल कडधान्याच्या गोड पातळ खिरीत) टाकून उकळून द्या. आतपर्यंत ८५ ते ९० अंश, दीड मिनिट. मुलाने कुटलेलीच मोची मुलाच्या वाटीत जाते आणि माझी हरकतही राहत नाही. किसलेल्या मुळ्यासोबतची मात्र न शिजवलेली असते. ती फक्त ठरलेल्या मंडळींनी कुटलेल्या घाण्यातून. शेवटचा शब्द होकेंजोचा. ते नाही म्हणाले तर नाही.

उसू_आणि_किने

ओशिरुकोचा तोडगा मान्य. मग वाटणी अशी करू: पहिला घाणा अनुभवी मंडळींचा, त्यातून कागामीमोची आणि मुळ्याची मोची. बाकीचे तीन सगळ्यांचे, ते ओशिरुकोत (मग मुलांचा आकडाही तीन घाण्यांचाच धरा). किनाको (भाजलेल्या सोयाबीनचं पीठ) लावलेली हवी असेल तर गोळे आधी उकळत्या पाण्यातून काढून मग पिठात घोळवा, पीठ चिकटतंही छान.

स्वयंपाकघर_पूर्व

जोडीच्या पदार्थांचं प्रमाण, प्रत्येकी ५० वाट्यांसाठी:

किनाको – ५०० ग्रॅम पीठ, ५०० ग्रॅम साखर, चमचाभर मीठ. मीठ गाळू नका, त्याशिवाय चव सपाट लागते. दाट अझुकी (आंको) – कोरडी अझुकी ६५० ग्रॅम, साखर ६०० ग्रॅम, किंचित मीठ; साधारण दोन किलो होते. अझुकी पूर्ण मऊ झाल्याशिवाय साखर घालू नका, एकदा साखर पडली की दाणा पुढे मऊ होत नाही. ओशिरुकोसाठी हीच आंको पाण्याने सैल करायची. मुळा – तीन मोठे दाइकोन, ऐनवेळी किसून, हलकं पिळून, वरून शोयू (सोया सॉस).

आता शाकाहार. मोची, किनाको, आंको, ओशिरुको यात काहीही सामिष नाही, निर्धास्त द्या. अडचण आजूबाजूच्या पातेल्यांत असते. मोचीत्सुकीच्या दिवशी बहुतेक ठिकाणी तोंजिरू (डुकराच्या मांसाचं मिसो सूप) शिजतं, आणि ओझोनीच्या (मोची घातलेल्या सूपच्या) रश्श्यात कात्सुओ माशाचं दाशी (अर्क-पाणी) असतं. "मांस काढून देते" याने काम होत नाही, मासा पाण्यातच उतरलेला असतो. वेगळं पातेलं, वेगळा डाव. दाशी कोंबूचं (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं) करा: लिटरभर पाण्याला १० ग्रॅम कोंबू, अर्धा तास भिजवून मंद आचेवर, उकळी फुटायच्या आत कोंबू बाहेर, राहिला तर रस्सा बुळबुळीत होतो. वाळलेले शिइताके (मशरूम) भिजवलेलं पाणी मिसळलं की चव भरते. जैन कुटुंबं मुळा-गाजर खाणार नाहीत, त्यांच्यासाठी किनाको पुरे.

आमाझाके (तांदळाचं गोड पेय) ठेवणार असाल तर कशाचं आहे ते फलकावर लिहा. तांदळाच्या कोजीचं (खाद्य बुरशी वाढवलेल्या तांदळाचं) असेल तर त्यात मद्य नसतं. साकेच्या चोथ्याचं, म्हणजे साकेकासूचं असेल तर थोडं असतं. मुलांना आणि मद्य न घेणाऱ्यांना याचा फरक पडतो. सोया आणि गव्हाच्या ॲलर्जीचं चित्रही फलकावर हवं. किनाको सोयाच आहे हे नवख्याला दिसून कळत नाही.

वाफेची_वेळ

गिळण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मोची घशात अडकून जपानमध्ये दर नववर्षाला म्हातारी माणसं दगावतात, अग्निशमन दल दरवर्षी इशारा देतं. गोळा लहान हवा, सुपारीएवढा. आजी-आजोबांसाठी त्याचेही दोन तुकडे. आधी घोटभर चहा किंवा रस्सा, मग मोची, एका वेळी एकच, बसून. तान्ह्यांना आणि अगदी लहान मुलांना देऊच नका. आपल्याकडची मंडळी मोची पहिल्यांदा खातात आणि पेढ्यासारखी अख्खी तोंडात टाकतात. ती विरघळत नाही, चावावी लागते, हे वाटप-टेबलावर प्रत्येकाला सांगायला एक माणूस मराठी-हिंदी बोलणारा ठेवा. अडकलंच तर खोकायला लावा, खोकता येत नसेल तर दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने जोरात थापा, लगेच ११९ (रुग्णवाहिकेचा क्रमांक). एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कुठे आहे ते सकाळीच पाहून ठेवा.

दोन_भाषा

निमंत्रणाबद्दल. काइरानबान (घरोघरी फिरणारी सूचनांची फाइल) फक्त सभासद घरांत फिरते. नवी भारतीय कुटुंबं बरीचशी यूआरच्या (सरकारी गृहसंस्थेच्या) इमारतींत राहतात, कारण तिथे जामीनदार आणि की-मनी (घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम) लागत नाही. त्यांच्यापर्यंत ती फाइल पोचतच नाही. इमारतीच्या प्रवेशद्वारातला फलक, शाळा, किराणा दुकानं इथे चिकटवा.

मजकूर चार भाषांत करण्याआधी यासाशी निहोंगोत, म्हणजे सोप्या जपानीत लिहा. १९९५ च्या हान्शिन-आवाजी भूकंपात परदेशी रहिवाशांना सूचनाच कळल्या नाहीत, त्यातून ही पद्धत उभी राहिली. एका वाक्यात एकच गोष्ट, आदरार्थी क्रियापदांची भर नाही, प्रत्येक कांजीवर (चिनी चिन्हावर) फुरिगाना (उच्चार सांगणारी छोटी अक्षरं). तो कागद जपानी शेजारीही वाचून दाखवू शकतो, आणि तिथेच पहिलं बोलणं होतं. इंग्रजी पत्रक हाती दिलं की बोलणं संपतं.

कागदावर या गोष्टी हव्याच: सभासद नसलात तरी या (किंवा फी किती), काय खायला आहे आणि त्यात मांस-मासा आहे का, मुलांना किती वाजता चिठ्ठी मिळेल, पाऊस आला तर काय. शेवटी एक ओळ: "आदल्या दिवशी संध्याकाळी तांदूळ धुवायला या." ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची मानते मी. बारा किलो तांदूळ गार पाण्यात धुणारी पाच-सहा माणसं लागतातच. त्या तासात गर्दी नसते, माइक नसतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुटुंब पाहुणं म्हणून येत नाही.

नदीकाठ

हे फार पटलं. तारखेबद्दल काही पथ्य? आणि उन्हाळ्यातल्या बोन ओदोरीला (वर्तुळात फिरून करायच्या सामूहिक नाचाला) हेच सगळं लागू होतं का?

गल्ली_समिती

२९ डिसेंबर बहुतेक भागांत टाळतात, आणि ३१ ला केलेली "एका रात्रीची" मोचीही नको मानतात. सामूहिक कार्यक्रमासाठी डिसेंबरचा दुसरा-तिसरा रविवार ठीक. नववर्षानंतर ठेवलात तर कांतो भागात (तोक्योच्या आसपास) कागामीबिराकी, म्हणजे कागामीमोची फोडून खायचा दिवस, ११ जानेवारीला असते, त्याच्या आसपास.

बोन ओदोरीत खरी अडचण वर्तुळाची. मध्ये यागुरा (मचाण), त्याभोवती आतलं वर्तुळ नाच येणाऱ्यांचं, बाहेरचं नवख्यांचं. नवखा नेहमी आतल्या माणसाकडे पाहून शिकतो, म्हणून जाणकारांना एकत्र घोळक्याने न ठेवता वर्तुळभर सारख्या अंतरावर पेरा. सुरुवात तांको-बुशीने करा. कोळसा खाणीतल्या कामाच्या हालचाली आहेत, त्यामुळे पाठ करावं लागत नाही: उजवीकडे दोनदा खणा, डावीकडे दोनदा खणा, उजव्या खांद्यावरून मागे टाका, डाव्या खांद्यावरून टाका, कपाळावर हात धरून मागे पाऊल, दुसरा हात धरून पुन्हा मागे, गाडी ढकला, पुन्हा ढकला, हात खालून बाजूला उघडा, टाळ्या. सहा वाजता अर्धा तास सराव, त्यात हेच गाणं सलग तीनदा. दर गाण्याला नवा नाच लावला की नवी माणसं दुसऱ्या गाण्यालाच कडेला जाऊन बसतात.

युकाता (उन्हाळी सुती किमोनो) नेसवताना डावी बाजू उजवीवर. उलट नेसवणी मृतदेहाची असते. कोणी तसं नेसून आलं तर बाजूला घेऊन हळूच बदलून द्या, चारचौघांत बोलू नका.

मुठा_किनारा

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांचा गट हाच प्रयोग करू पाहतोय. मोचीगोमे मिळत नाही, उसू नाही. इंद्रायणी चालेल का? तोही चिकट असतो.

उसू_आणि_किने

नाही चालणार. इंद्रायणी मऊ आणि चिकट असला तरी त्यात अमायलोज आहे; कुटून लापशी होईल, ताणली जाणारी मोची होणार नाही. आसामचा बोरा तांदूळ मागवा, तो खरा चिकट जातीचा आहे. आपल्याकडच्या हवेत सहा ते आठ तासांवर भिजवू नका, मध्ये एकदा पाणी बदला. आंबूस वास मोचीत तसाच उतरतो.

दगडी उखळ चालतं. जपानमध्येही दगडी उसू आहेत. आपलं उखळ खोल आणि अरुंद असतं, म्हणून घाणा अर्ध्या-पाऊण किलोचाच घ्या आणि उभ्या मुसळाने आखूड, जलद कुटा. उभा किने तिकडेही वापरतात. मुसळाच्या टोकाचं लोखंडी कडं मोचीला फाडतं आणि काळं करतं, तेव्हा कडं नसलेलं मुसळ घ्या. गार दगड भातातली उष्णता लाकडापेक्षा जास्त ओढून घेतो, त्यामुळे उकळतं पाणी दोनदा भरून ओता. वाफवायला मोदकपात्र पुरे. घाणे छोटे असल्याने जास्त होतील, म्हणजे जास्त लोकांचे हात लागतील, ते चांगलंच आहे.

गोळे तोडताना पाटावर तोरिको (मोची चिकटू नये म्हणून लावायचं पीठ) म्हणून बटाट्याचा स्टार्च किंवा कॉर्नफ्लोर पसरा. मोची कानाच्या पाळीइतकी मऊ असताना अंगठा आणि तर्जनीच्या मधून पिळून तोडायची. स्टार्च जास्त झाला तर वरचा थर कोरडा पडतो आणि अझुकी धरत नाही.

नदीकाठ

कार्यक्रमानंतरचं कोणी लिहील का? उसू धुण्यावरून आणि उरलेल्या मोचीवरून दरवेळी गोंधळ होतो.

वाफेची_वेळ

शेवटचा घाणा निघाला की उसूत लगेच गरम पाणी भरा. वाळलेली मोची खरवडायला गेलात तर लाकूड निघतं. दहा मिनिटांनी काथ्याच्या घासणीने धुवा, साबण नको, लाकूड तो पिऊन घेतं आणि पुढच्या वर्षी वास येतो. पुसून सावलीत, वारा लागेल असं, तोंड खाली पण एका बाजूला फळीचा तुकडा देऊन वाळवा. उन्हात ठेवलं की तडा जातो. आतून पूर्ण कोरडं व्हायला बरेच दिवस लागतात. त्याआधी साठवणखोलीत बंद केलं तर बुरशी. वाळवलेलं उसू परत ठेवायची जबाबदारी दोन घरांना द्या, एक जुनं, एक नवं.

सेइरोची फडकी त्याच दिवशी उकळून घ्या. मोचीचं पाणी सिंकमध्ये नको, थंड झालं की नळीत घट्ट होतं. चाळणीतून गाळून बागेत.

उरलेली मोची गरम असतानाच स्टार्च लावलेल्या पिशवीत दीड सेंटीमीटर जाड थापा. दुसऱ्या दिवशी सुरी चालेल इतकी घट्ट झाली की कापा. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर कापताना सुरी घसरते. ताज्या मोचीला बाहेर तीन-चार दिवसांत बुरशी येते, बुरशीचा भाग कापून उरलेली खाऊ नका. कापलेले तुकडे सुटे सुटे गोठवा, महिनाभर राहतात. गोठलेला तुकडा न वितळवता थेट उकळत्या पाण्यात किंवा टोस्टरमध्ये टाका. लोकांना घरी द्यायची असेल तर पिशवीवर तारीख आणि "आज किंवा उद्या शिजवून खा" एवढं दोन्ही भाषांत लिहा.